‘फॉलिंगवॉटर’ : सुसंवादाची कसोटी

वास्तू निसर्गाशी एकरूप झाली आहे, असा अभिप्राय समीक्षक पुष्कळदा देतात. परंतु ही एकरूपता ओळखावी कशी, याची चिकित्सा क्वचितच होते. स्थानिक दगड वापरला, झाडे राखली, उंची आवरली, की सुसंवाद साधला असे मानले जाते. ही कसोटी अपुरी आहे, हे फ्रँक लॉइड राइट यांच्या ‘फॉलिंगवॉटर’ या सर्वमान्य उदाहरणावरूनच दाखविता येईल.

पेनसिल्व्हेनियातील बेअर रन या ओढ्यावर एडगर कॉफमन यांच्यासाठी राइट यांनी १९३५ मध्ये या घराची आखणी केली. घर धबधब्यासमोर असेल, अशी कॉफमन यांची अपेक्षा होती. राइट यांनी ते धबधब्याच्या माथ्यावरच उभारले. त्यामुळे धबधबा घरासमोरचे दृश्य न राहता घरभर भरून राहणारा नाद झाला. दिवाणखान्यात शेकोटीपाशी मूळचा खडक तसाच राखला आहे, आणि तेथूनच एक जिना थेट ओढ्यापर्यंत उतरतो. भिंतींचा वालुकाश्म तेथल्याच खाणीतला. काँक्रीटचे सज्जे मात्र गुळगुळीत. ते खडकाची नक्कल करीत नाहीत. त्याच्या आडव्या थरांची लय तेवढी पुढे नेतात. अनुकरण टाळून साधलेले हे नाते, हेच या कृतीचे खरे यश होय.

तथापि एकाच बाजूने आधार असलेले हे सज्जे बांधकामाच्या काळापासूनच वाकू लागले. पुढे काही ठिकाणी हा झुकाव सुमारे १८ सेंटिमीटरपर्यंत गेला, आणि २००२ मध्ये ताण दिलेल्या पोलादी तारांनी त्यांना सावरावे लागले. गळतीचाही उपद्रव घराला दीर्घकाळ होता.

हे दोष अभियांत्रिकीचे आहेत, सौंदर्यविचाराशी त्यांचा संबंध नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु गुरुत्वाकर्षण आणि पाणी हे काय निसर्गाबाहेरचे आहेत? खडकाचा पुढे आलेला थरही पेलेल तेवढाच पुढे येतो. त्यापलीकडे तो तुटतो. राइट यांनी खडकाचा आकार अचूक ओळखला, त्याची मर्यादा मात्र पुरती हिशेबात धरली नाही.

यामुळे राइट यांची थोरवी उणावत नाही. समीक्षकाची जबाबदारी मात्र वाढते. सुसंवाद हा बांधकाम संपल्या दिवशी टिपलेल्या छायाचित्रात सिद्ध होणारा गुण नव्हे. भार कोठे उतरतो आणि पाणी कोठे जाते, हे विचारल्यावाचून वास्तूला निसर्गानुकूल म्हणणे, म्हणजे केवळ तिच्या रूपाची स्तुती करणे होय.