अंक उतरला, पण आंघोळ झाली का? : 'हाउसिंग एनेबलर' वाचताना

रिसर्च प्रपोजलमध्ये 'व्हॅलिडेटेड स्केल वापरणार' असं एक वाक्य टाकलं की समितीचे निम्मे प्रश्न तिथेच थांबतात. पण ते वाक्य लिहिण्याआधी स्केल उघडून बघायला हवं. ते नक्की काय मोजतं? कोणाच्या घरात तयार झालं? आज उदाहरणाला 'हाउसिंग एनेबलर' घेऊया. व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसासाठी राहतं घर बदलायचं, हा ज्यांचा विषय आहे त्यांना हे साधन कधी ना कधी भेटणारच.

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या सुझान इव्हार्सन आणि ब्योर्न स्लॉग यांनी ते विकसित केलं. मूळ कल्पना अमेरिकन वास्तुतज्ज्ञ एडवर्ड स्टाइनफेल्ड यांची, १९७९ च्या सुमाराची. कामाची पद्धत तीन पायऱ्यांची आहे. आधी माणसाच्या शारीरिक मर्यादा आणि व्हीलचेअरसारख्या साधनांवरचं अवलंबन नोंदवायचं. मग घरातले आणि घराबाहेरचे अडथळे 'आहे' किंवा 'नाही' असे टिपायचे. २०१० च्या सुधारित आवृत्तीत अशा १६१ बाबी आहेत. शेवटी दोन्ही याद्या एका तक्त्यात जुळवायच्या. कोणत्या मर्यादेला कोणता अडथळा किती जाचक, याचे १ ते ४ गुण आधीच ठरलेले असतात. त्यांची बेरीज म्हणजे त्या माणसासाठी त्या घराचा अंक. अंक जितका मोठा, तितकी अडचण जास्त.

यात एक गोष्ट फार चांगली आहे. हे साधन घराला एकट्याला नापास करत नाही. तोच उंबरा चालणाऱ्याला काहीच नाही आणि चाकांना भिंत आहे, हे त्याच्या हिशोबात धरलेलं आहे. 'एनेबल-एज' या पाच युरोपीय देशांतल्या अभ्यासात (स्वीडन, जर्मनी, ब्रिटन, हंगेरी, लाटविया) हेच दिसलं. नुसत्या अडथळ्यांच्या संख्येचा रोजच्या कामांतल्या स्वावलंबनाशी संबंध दिसला नाही. माणूस आणि घर यांच्यातल्या न जुळण्याचा मात्र दिसला. नुसती चेकलिस्ट भरून 'सुलभता ७० टक्के' असं लिहिणाऱ्यांनी एवढं तरी इथून घ्यावं.

आता आक्षेप. पहिला बेरजेचा. १ ते ४ हे क्रम आहेत, अंतरं नाहीत. चार ठिकाणी १ आणि एका ठिकाणी ४, दोन्हींची बेरीज सारखीच. पण ४ म्हणजे जवळजवळ अशक्य! पलंगापासून कमोडपर्यंतचा रस्ता सीरिज सर्किटसारखा असतो, एक जोड तुटला की दिवा लागत नाही. आपल्याकडे बाथरूमचं दार बऱ्याचदा अडीच फुटी असतं. त्यातून चौकटीची आणि उघड्या दाराची जाडी गेली की खुर्ची अडकते, किंवा आत जाताना बोटं सोलतात. अशा घरात स्विच खाली घेतले, कपाटाची हँडलं बदलली, बाहेर रेलिंग लावलं, तर अंक छान उतरेल. आलेखही सुंदर येईल. घरच्यांचे पैसे संपलेले असतील आणि त्या माणसाला आंघोळीसाठी अजूनही कोणीतरी उचलूनच न्यावं लागत असेल.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हे साधन एका वेळी एकाच शरीराचा हिशोब करतं. 'एनेबल-एज'मधले १९१८ सहभागी ७५ ते ८९ वयाचे आणि एकटे राहणारे होते. त्या अभ्यासापुरतं ते ठीकच. पण आपला प्रश्न भरल्या घराचा आहे. बसून स्वयंपाक करता यावा म्हणून ओटा चार इंच खाली घेतला, तर उभ्याने पोळ्या करणारीची कंबर जाते. बाथरूमचा उंबरा काढला आणि फरशीचा ढाळ नीट दिला नाही, तर पाणी पॅसेजमध्ये येतं आणि आजी घसरते. शिवाय खुर्ची ढकलणारा, उचलणारा, रात्री दोनदा उठणारा माणूस या अंकात कुठेच नाही. त्याची पाठ गेली की सगळी व्यवस्थाच कोसळते.

तिसरा, 'आहे-नाही'चा. भारताच्या २०२१ च्या सुलभता मार्गदर्शक तत्त्वांत रॅम्पसाठी १:१२ चा उतार आहे. म्हणजे जितके इंच उंची, तितके फूट रॅम्प. जोतं १८ इंच असेल तर १८ फूट. रो-हाउसच्या पुढच्या दहा फुटांत तो बसणार कसा? मग १:१० चा करा नाहीतर १:६ चा, निकषाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच नापास. प्रत्यक्षात १:१० वर मदतीला एक माणूस पुरेल, १:६ वर खुर्ची मागे उलटायची भीती. हा फरक तुमच्या डेटात उमटलाच नाही, तर निष्कर्षात कुठून येणार?

मग साधन टाकून द्यायचं का? अजिबात नाही. इव्हार्सन यांनी स्वतःच २००३ मध्ये आग्नेता स्टोल यांच्यासोबतच्या लेखात सुलभता आणि वापरयोग्यता वेगळ्या केल्या आहेत. निकषांशी जुळणं वेगळं आणि आपलं काम तिथे होणं वेगळं. आपण अंक पहिल्यासाठी वापरतो आणि निष्कर्ष दुसऱ्याबद्दल काढतो, गडबड तिथे होते.

तुमच्या अभ्यासात हे साधन घ्यायचं असेल तर तीन गोष्टी करा. एक, अडथळ्यांचे निकष इथल्या घरांना लावून तपासा. मोरी, भारतीय संडास, ओली बाथरूम यांसकट. नॉर्डिक देशांनीही आपापल्या निकषांनुसार ते जुळवून घेतलं. दोन, बेरजेशेजारी कामांचा तक्ता ठेवा: संडास, आंघोळ, जेवण, बाहेर पडणं. प्रत्येकासमोर बदलाआधी आणि नंतर किती वेळ लागला, कितीदा उचलावं लागलं, ते लिहा. तीन, घरातल्या बाकीच्यांना विचारा की या बदलाने त्यांचं काय वाढलं आणि काय कमी झालं.

काम वाढेल, सँपल लहान होईल. पण व्हायव्हात कोणी विचारलं, 'अंक कमी झाला म्हणजे घरात नक्की काय बदललं?', तर उत्तर द्यायला तुमच्याकडे काहीतरी असेल.