चालीचा वाचक : संगीत नाटक आणि हौशी रसिकाचे कर्तेपण

मराठी संगीत नाटकाविषयीच्या समीक्षेत एक वाद दीर्घकाळ चालत आला आहे. संगीताने नाटकाला तारले की मारले, हा तो वाद. एका बाजूचे म्हणणे असे की, पदांच्या पसाऱ्यात नाट्य हरवले, पात्र मागे पडून गायक पुढे आला आणि ‘वन्स मोअर’च्या गजरात प्रसंगाची घडी विस्कटली. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, संगीताच्या आधारानेच हा नाट्यप्रकार लोकमानसात रुजला आणि शास्त्रोक्त संगीत दरबार व देवडी सोडून सामान्य माणसापर्यंत पोहोचले. हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी दिसत असले, तरी त्यांचे एक गृहीतक समान आहे. दोघांच्याही मांडणीत प्रेक्षक हा घेणारा आहे. त्याला काय मिळाले, त्याची अभिरुची घडली की बिघडली, एवढाच प्रश्न विचारला जातो. त्याने काय केले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. संगीत नाटकाचा रसिक हा बहुतेक वेळा स्वतः गाणारा, गुणगुणणारा, पेटी धरणारा, प्रसंगी गावातल्या हौशी मंडळींबरोबर तोंडाला रंग लावून उभा राहणारा माणूस होता. त्याच्या या कर्तेपणाचा संगीत नाटकाच्या रूपबंधाशी काही संबंध आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या विचाराला सांगली परिसर सोयीचा आहे. विष्णुदास भावे यांच्या ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग 1843 मध्ये सांगलीस झाला. गोविंद बल्लाळ देवल सांगलीलगतच्या हरिपूरचे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचा जन्म सांगलीचा. अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेत वास्तव्य केले, आणि मिरजेच्या कारागिरांनी तयार केलेले तंबोरे व सतारी देशभर वाजत राहिल्या. शताब्दीनिमित्त 1943 साली नाट्यसंमेलनही सांगलीतच भरले. पण या गौरवस्थळांच्या यादीत सांगली व बुधगाव यांच्या मधल्या माधवनगरसारख्या व्यापारी पेठेचे नाव येत नाही. तेथे कोणत्याही नाटककाराचे स्मारक नाही किंवा कोणत्याही पहिल्या प्रयोगाची तिथी त्या गावाशी जोडलेली नाही. नाट्येतिहास निर्मात्यांच्या जन्मगावांचा लिहिला जातो, ग्रहण करणाऱ्या गावांचा नव्हे. माधवनगर हे या अर्थाने ग्रहणाचे स्थान आहे, आणि प्रस्तुत विवेचनात त्या नावाचा उपयोग याच अर्थाने केला आहे. नाटक जेथे निर्माण झाले नाही, पण जेथे ते ऐकून, पाठ करून घरी नेले गेले, अशा स्थानावरून संगीत नाटकाकडे पाहिले असता काही वेगळ्या गोष्टी दिसू लागतात.

प्रथम रूपबंधाचा प्रश्न घेऊ. भावे यांच्या नाटकांत पदे गाण्याचे काम मुख्यतः सूत्रधाराकडे होते. पात्रे प्रसंगानुरूप उत्स्फूर्त भाषण करीत. म्हणजे गाणे हे निवेदनाचे अंग होते आणि ते कोणा एका पात्राच्या मालकीचे नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘शाकुंतल’ने 1880 मध्ये ही व्यवस्था बदलली. पात्रे स्वतः गाऊ लागली. हा बदल रंगतंत्रातील सोय म्हणून सांगितला जातो, परंतु त्याचे परिणाम अधिक खोल आहेत. गाण्याला आता ‘मी’ मिळाला. दुःख, रुसवा, संशय, अभिलाषा या भावांना प्रथमपुरुषी स्वर प्राप्त झाला. आणि प्रथमपुरुषी पद हे प्रेक्षकाला उसने घेता येते. निवेदकाचे पद घरी जाऊन म्हणणारा माणूस कथा सांगत असतो. पात्राचे पद म्हणणारा माणूस, क्षणभर का होईना, ते पात्र होतो. हौशी गायकाच्या भूमिकाग्रहणाची शक्यता अशा रीतीने नाटकाच्या रचनेतच निर्माण झाली.

या शक्यतेचा लिखित पुरावा खुद्द संहितेत आहे. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या शिरोभागी ‘चाल’ अशी सूचना असते आणि तिच्यापुढे कोणत्या तरी आधी माहीत असलेल्या गीताचा किंवा साकी, दिंडी, कामदा यांसारख्या रूढ रचनाप्रकाराचा निर्देश असतो. ही सूचना कोणासाठी आहे? कंपनीतील नटाला चाल तालमीत शिकवली जाई, त्याला पुस्तकातील सूचनेची फारशी गरज नव्हती. ती सूचना पुस्तक विकत घेणाऱ्या वाचकासाठी होती. हा वाचक पद डोळ्यांनी वाचून थांबणार नाही, तो ते म्हणून पाहील, आणि मूळ चाल त्याच्या कानात आधीच आहे, असे ती सूचना गृहीत धरते. वाचकाची स्मृती हा येथे संहितेचा भाग आहे. कागदावर शब्द आहेत, स्वर वाचकापाशी आहे आणि दोन्ही एकत्र आल्याखेरीज पद पूर्ण होत नाही. संहितेने कल्पिलेल्या वाचकाविषयी आधुनिक समीक्षेने बरीच चर्चा केली आहे. संगीत नाटकाचा कल्पित वाचक हा गाणारा वाचक आहे, हे मात्र तिने पुरेसे लक्षात घेतलेले नाही.

देवलांचे ‘शारदा’ (1899) या संदर्भात विशेष महत्त्वाचे ठरते. जरठ-कुमारी विवाहाचा विषय, कांचनभटाचा द्रव्यलोभ, भद्रेश्वर दीक्षिताची दलाली आणि भुजंगनाथाची हास्यास्पद वासना यांमुळे त्याला सामाजिक नाटक म्हणून मान्यता मिळाली. या मान्यतेत त्यातील पदांचा विचार बहुधा ‘सोपी, घरगुती, प्रासादिक’ अशा विशेषणांवर थांबतो. पण ही सुगमता शैलीच्या गुणापुरती मर्यादित नाही. ती पदे अप्रशिक्षित गळ्यालाही झेपतात आणि त्यांची भाषा माजघरातील बोलण्याच्या अगदी जवळची आहे. आता एक विसंगती पाहावी. शारदेची व्यथा ही मुलीची व्यथा आहे, परंतु रंगमंचावर ती मुलग्याच्या तोंडून व्यक्त होत होती. बालवयातील केशवराव भोसले यांनी शारदेच्या भूमिकेत कीर्ती मिळवली, हे प्रसिद्ध आहे. स्त्रीचे गाऱ्हाणे पुरुषदेहातून मांडले जावे, हा त्या काळच्या रंगभूमीचा संकेत होता. परंतु तेच पद घरी, चुलीपाशी किंवा झोपाळ्यावर, एखादी मुलगी म्हणू लागली की गाऱ्हाणे आपल्या मूळ मालकिणीकडे परत येत होते. रंगमंचावर जाण्याची मुभा नसलेल्या स्त्रीला नाट्यपदाने स्वरात का होईना भूमिका दिली. नाटकाचा सामाजिक आशय नाट्यगृहातील प्रेक्षकाच्या मनःपरिवर्तनात शोधला जातो. त्याचा दुसरा, कदाचित अधिक टिकाऊ, प्रवास या घरगुती गायनातून झाला आहे. हा प्रवास गृहीत धरल्यावाचून ‘शारदा’च्या परिणामाचे पूर्ण विवेचन होऊ शकत नाही.

‘मानापमान’ (1911) व ‘स्वयंवर’ (1916) यांच्याशी परिस्थिती बदलते. ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या, तर ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांचे संगीत-मार्गदर्शन लाभले. ख्याल-ठुमरीच्या अंगाने पद विस्तारू लागले आणि पुस्तकातील ‘चाली’ची सूचनाही बदलली. घरगुती गीतांच्या जागी हिंदुस्थानी चिजा, राग व ताल यांचे निर्देश अधिक प्रमाणात येऊ लागले. याचा अर्थ असा की, संहितेचा कल्पित वाचकच बदलला. दिंडी ओळखणारा वाचक बाजूला पडून राग ओळखणारा वाचक गृहीत धरला जाऊ लागला. गाता येणारे नाटक आणि ऐकवणारे नाटक, असा भेद येथे निर्माण होतो. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा यांच्यासारखा तबलावादक साथीला होता, यावरून या श्रवणव्यवस्थेची उंची लक्षात यावी. पण ही उंची वाढत गेली तसे रंगमंच व सभागृह यांतील अंतरही वाढत गेले. 1921 मधील ‘संयुक्त मानापमान’च्या प्रयोगात बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र आले. तो प्रसंग अपूर्व खराच, पण तेथील प्रेक्षक हा दोन अलौकिक गळ्यांचा साक्षी होता, त्यांचा सहगायक नव्हता.

‘वन्स मोअर’चा अर्थ या अंतराच्या पार्श्वभूमीवर लावला पाहिजे. समीक्षेने त्याला नाट्यभंग मानले आहे, आणि प्रसंगाच्या काळाच्या दृष्टीने तो आहेच. रुक्मिणीचा क्षण पुन्हा घडत नाही, गायकाचा क्षण पुन्हा घडवता येतो. या दोन काळांची गल्लत ‘वन्स मोअर’ करतो. तथापि ज्याला स्वतः गाता येत नाही, अशा रसिकाने प्रयोगावर उमटवलेली ती स्वाक्षरीही आहे. पुनरावृत्तीची मागणी करून तो प्रयोगाची लांबी, लय आणि भर ठरवतो. त्याच्या कर्तेपणाला उरलेली ती एकमेव वाट आहे. अनुकरणाचेही तसेच. बालगंधर्वांच्या साड्या, केशरचना, दागिने यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत, याची नोंद वारंवार होते. पुरुषाने साकारलेल्या स्त्रीरूपाची प्रतिकृती स्त्रियांनी करावी, यात कोणाला भाबडेपणा दिसेल, कोणाला पराधीनता. पण गाण्यातून भूमिका घेण्याचा मार्ग अवघड झाल्यावर रसिकाने ती वेशातून घेतली, असेही म्हणता येईल.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेतला पाहिजे. रसिकाच्या सहभागाला कर्तेपण म्हणणे ही केवळ उदारता नव्हे काय? हौशी गायक बहुतेक वेळा नक्कल करतो. त्याच्या नकलेचा नमुना प्रयोग नसून ध्वनिमुद्रिका असते. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. प्रयोगात जे पद दर वेळी नवा विस्तार घेई, ते तबकडीवर एकाच आकारात गोठले. पुढील पिढ्यांनी त्या गोठलेल्या आकारालाच मूळ मानले, आणि त्या विशिष्ट ताना व हरकती तंतोतंत काढणे हे निष्ठेचे लक्षण ठरले. नाट्यगीतांच्या मैफलींत व स्पर्धांत पद प्रसंगापासून सुटले, ‘मी’ कोण हे न कळताही गाता येऊ लागले. अशा गायनात भूमिकाग्रहण उरत नाही, स्मरणोत्सव उरतो. हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. म्हणूनच सहभागाचा सरसकट गौरव न करता त्याच्या प्रकारांत भेद करणे आवश्यक आहे. गाण्याला त्याच्या प्रसंगाकडे परत नेणारा सहभाग एक, आणि गाण्याला गायकाच्या प्रतिमेकडे नेणारा सहभाग दुसरा. पहिल्यात पुनर्निर्मिती आहे, दुसऱ्यात आराधना. दोन्हींची गरज समजण्यासारखी आहे, पण दोन्हींचे वाङ्मयीन मूल्य एक नाही.

हा भेद स्वतः संगीत नाटकानेच नाट्यविषय केला आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ (1967) हे गायकांच्या स्पर्धेचे आणि घराण्यांच्या संघर्षाचे नाटक म्हणून पाहिले जाते. जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीतामुळे ते पाहणेही अटळ होते. परंतु त्याच्या केंद्रस्थानी सदाशिव आहे, आणि सदाशिव हा प्रथम ऐकणारा आहे. ज्या गायकीवर त्याचा अधिकार मान्य नाही, ती तो चोरून ऐकतो आणि आत्मसात करतो. गाणे कोणाच्या मालकीचे, गाणाऱ्याच्या, घराण्याच्या की ऐकून ते आपलेसे करणाऱ्याच्या, असा प्रश्न हे नाटक विचारते. संगीत नाटकाच्या प्रत्येक हौशी गायकाची स्थिती काहीशी सदाशिवासारखी आहे. तोही दाराबाहेर उभा राहून शिकला आहे. 2015 मध्ये या नाटकावरील चित्रपटाला तरुण प्रेक्षकांचा प्रतिसाद मिळाला तेव्हा त्याकडे मुख्यतः जुन्या वैभवाचे पुनरागमन म्हणून पाहिले गेले. मालकीचा हा प्रश्न मात्र चर्चेत क्वचितच आला.

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. संगीत नाटकाचा अभ्यास आज प्रामुख्याने विद्यापीठीय वर्गांत होतो आणि तो पुस्तकावरून होतो. विद्यार्थी ‘सौभद्र’ किंवा ‘शारदा’ वाचतो, संवादांचे विश्लेषण करतो, आणि पदापाशी आल्यावर त्याचा सारांश सांगून पुढे जातो. ‘चाल’ हा शब्द व त्यापुढचा निर्देश तो ओलांडतो, कारण ज्या गीताकडे तो निर्देश बोट दाखवतो, ते गीत त्याच्या कानात नाही. अशा वाचनात संहितेचा निम्मा भाग मुका राहतो. त्याला वाचा देण्याची क्षमता ग्रंथालयात नाही. ती अजूनही जुन्या चाली धरून ठेवलेल्या गळ्यांत आहे, गावोगावच्या हौशी मंडळांत आहे, आजीकडून ऐकलेले पद नेमक्या प्रसंगासह सांगू शकणाऱ्या घरांत आहे. त्या अर्थाने हौशी रसिक हा संगीत नाटकाचा केवळ चाहता नव्हे, त्याच्या संहितेचा तो एक धारक आहे.

हे मान्य केल्यास समीक्षेची जबाबदारीही बदलते. संगीताने नाटक तारले की मारले, हा वाद निकाली काढण्यापेक्षा कोणत्या नाटकाने आपल्या रसिकाला गाण्याची जागा दिली आणि कोणत्या नाटकाने ती काढून घेतली, याचा शोध अधिक फलदायी ठरेल. त्या शोधात हरिपूर व सांगली यांचे महत्त्व कमी होत नाही. पण त्यांच्याबरोबर माधवनगरलाही जागा द्यावी लागेल. नाटक कोठे जन्मले, हे इतिहासाला ठाऊक आहे. ते कोणाच्या तोंडी राहिले, हे विचारणे अद्याप बाकी आहे, आणि ज्यांना ते विचारावयाचे त्यांची संख्या वर्षागणिक घटत आहे.