भिंगाची रंगछटा आणि कंकालेश्वराचा पाषाण

बीड येथील कंकालेश्वराचे मंदिर पाण्याच्या कुंडात उभे आहे. त्याचा काळा पाषाण दोन भिन्न काळांतील रंगीत छायाचित्रांत निरनिराळा दिसला, तर दगडावर काही परिणाम घडला असा तर्क अभ्यासक सहज करतो. तथापि तो तर्क स्वीकारण्यापूर्वी भिंगाची साक्ष काढणे प्राप्त आहे. कारण काळसर, जवळजवळ रंगहीन पृष्ठभागावर अल्पशी छटाही डोळ्यांत भरते.

भिंगांच्या छटेची तुलना करण्याची रूढ रीत अशी की, एकच दृश्य दोन भिंगांतून टिपावे, चित्रे शेजारी मांडावीत आणि एक पिवळसर, दुसरे निळसर असा निकाल द्यावा. ही रीत सोपी आहे, पण विश्वसनीय नाही. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स स्वयंचलित असेल, तर भिंगाचा पिवळेपणा कॅमेराच बऱ्याच अंशी पुसून टाकतो. मधल्या काही मिनिटांत ढग आला, तर त्याचा दोष भिंगाच्या माथी बसतो. कंकालेश्वरापाशी आणखी एक अडचण आहे. भरलेल्या कुंडाच्या पाण्यावरून भिंतींवर पडणारा प्रकाश आणि पाणी ओसरल्यावर उघड्या दगडांवरून येणारा प्रकाश एका रंगाचे नसतात. म्हणून मंदिराच्या भिंतीलाच भिंगाची कसोटी मानणे आम्हांस मान्य नाही.

भिंगे रंगतात ही गोष्ट मात्र खरी. विसाव्या शतकाच्या मध्यास काही भिंगांच्या काचेत थोरियमचे ऑक्साइड मिसळीत; असाही कंपनीच्या ५० मिलिमीटर, १.४ छिद्रांकाच्या टाकुमार भिंगाच्या काही आवृत्त्या त्यांपैकीच होत. थोरियमच्या किरणोत्सर्गाने काचेत रंगकेंद्रे निर्माण होऊन ती कालांतराने पिवळी-तपकिरी होते, आणि जंबुपार प्रकाशात काही दिवस वा आठवडे ठेवल्यास पुष्कळशी निवळते. अर्थात, एकाच भिंगाची छटाही दोन वर्षांत सारखी राहील असे नाही!

छायाचित्रानेच मापन करावयाचे, तर समान उजळलेल्या करड्या कागदावर, एकाच दिव्यात, एकाच छिद्रांकाने आणि रॉ फाइलमध्ये करावे. चित्राच्या मध्यभागातील तांबड्या, हिरव्या व निळ्या मूल्यांची सरासरी काढून त्यांतून कॅमेऱ्याची काळी पातळी वजा करावी आणि मग गुणोत्तरे तपासावीत. पहिले भिंग, दुसरे, पुन्हा पहिले, असा क्रम ठेवल्यास दिव्याचा चंचलपणा तत्काळ उघड होतो. ही शेवटची खबरदारी क्वचितच घेतली जाते, याचे नवल वाटते.

परंतु अशा रीतीने मिळालेला अंक हा त्या कॅमेऱ्याच्या संवेदकापुरता आणि त्या दिव्यापुरता असतो. तो भिंगाचा निरपेक्ष गुण नव्हे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या १९८३ सालच्या ६७२८ क्रमांकाच्या मानकात निळा, हिरवा, तांबडा असे तीन अंक देण्याची पद्धत आहे, आणि तिचा आधार रंगीत फिल्मची संवेदनशीलता हा आहे. त्यात प्रमाणभूत भिंगाचे अंक ०, ५, ४ असे धरले आहेत; म्हणजे प्रमाण मानलेले भिंगही किंचित पिवळेच ठरते. हे अंक लॉगॅरिथमचे शतपट असल्याने, निळा प्रकाश हिरव्याच्या मानाने २० टक्के घटला की सुमारे १० एककांचा फरक पडतो. संवेदकावरून काढलेले अंक या अंकांशेजारी बसवून तुलना करणे सर्वथा अनुचित होय.

मंदिराच्या नव्या छायाचित्रांत भिंतीच्याच उजेडात करडा कागद धरला, तर भिंगाची आणि कुंडातील पाण्याची अशा दोन्ही छटा एकदमच वजा करता येतात. जुन्या रंगीत मुद्रितांस हा उपाय लागू नाही. त्यांतील रंगद्रव्येच फिकी पडतात, आणि त्यांत भिंगाचा वाटा किती हे आता वेगळे काढता येत नाही.