बिलातला तास

सेवा कंपन्यांनी आपली बुद्धी परदेशी कामाला जुंपली म्हणून इथे नवे काही घडले नाही, हा आरोप मला अर्धाच खरा वाटतो. १९८१ साली पुण्यात दहा हजार रुपयांवर सुरू झालेल्या इन्फोसिसनेच पुढे ‘फिनॅकल’ ही बँकांची प्रणाली घडवली. तेव्हा दोष बुद्धीचा नाही, बिलाचा आहे. ग्राहकाकडून माणसांच्या तासांवर पैसे घ्यायचे असतील, तर दहाजणांचे काम दोघांत उरकणारा प्रोग्रॅम लिहिणारा स्वतःच्याच कंपनीची कमाई घटवतो. त्याला शाबासकी कोण देणार? शिवाय लिहिलेले बहुधा ग्राहकाच्या मालकीचे. नोकरी सोडताना हाती अनुभव उरतो, ऐवज नाही.

पुण्याचेच ‘क्विक हील’ मात्र उभे राहिले ते कैलाश काटकरांच्या दुरुस्तीच्या दुकानातून. फ्लिपकार्टचे दोघे संस्थापक आले ॲमेझॉनमधून. एवढ्यावरून नियम बांधता येत नाही, हे कबूल. पण सगळा दोष कंपन्यांच्या माथी मारण्याआधी आपले घरही तपासावे. ‘मुलगा आयटीत आहे’ या शब्दांना लग्नाच्या बाजारात काय वजन होते, हे वाचकांना मी सांगायला नको. ‘मुलाने स्वतःची कंपनी काढली आहे’ म्हटल्यावर स्थळ परत जात असे.