सीईओचं पुस्तक 'डेटा' म्हणून कसं वाचायचं? 'हिट रिफ्रेश'च्या निमित्ताने

पीएच.डी.च्या प्रवेश मुलाखतीला मी जो सिनॉप्सिस घेऊन गेलो होतो, त्याचा विषय होता 'तंत्रज्ञान कंपन्यांमधील ध्येयनिष्ठ नेतृत्व'. आधार काय, तर सात-आठ सीईओंची पुस्तकं. त्यात सगळ्यात वर सत्या नडेला यांचं 'हिट रिफ्रेश'. पॅनलमधल्या मॅडमनी पानं चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "ज्यांच्याकडे ध्येय होतं, पण जे सीईओ झाले नाहीत, ते यात कुठे आहेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षी प्रवेशही मिळाला नाही.

तुमच्यापैकी अनेक जण असाच विषय घेऊन तयारी करत असाल, म्हणून ते पुस्तक पुन्हा वाचलं. या वेळी प्रेरणा घ्यायला नाही, तर यातून काय सिद्ध होतं आणि काय नाही, हे तपासायला.

आधी पुस्तकाचं श्रेय पुस्तकाला देऊ. ते २०१७ मध्ये आलं, म्हणजे नडेला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख होऊन जेमतेम साडेतीन वर्षं झाली होती. निवृत्तीनंतर मागे वळून लिहिलेलं हे पुस्तक नाही, काम अर्ध्यात असताना लिहिलेलं आहे. त्यात प्रामाणिक जागाही आहेत. नोकरीच्या मुलाखतीत त्यांना विचारलं होतं की रस्त्यावर बाळ पडून रडतंय, तर काय कराल? ते म्हणाले, ९११ ला फोन करीन. मुलाखत घेणाऱ्याने सांगितलं, अरे, आधी बाळाला उचलून घ्यायचं! पुढे १९९६ मध्ये त्यांचा मुलगा झेन सेरेब्रल पाल्सीसह जन्माला आला आणि त्या अनुभवाने आपल्याला एम्पथी, म्हणजे समानुभूती शिकवली, असं ते लिहितात. हा भाग वाचताना मन हलतं. माझंही हललं होतं. घोटाळा तिथूनच सुरू झाला.

कारण पुस्तक एका वैयक्तिक अनुभवावरून हळूच एका मोठ्या दाव्याकडे जातं. समानुभूती आली, त्यातून संस्कृती बदलली, त्यातून कंपनी सावरली. कथा म्हणून हे सुरेख आहे. गृहीतक म्हणून तपासायला घेतलं, तर तीन ठिकाणी अडतं.

पहिली अडचण नमुन्याची. मॅडमचा प्रश्न हाच होता. आपण फक्त शिखरावर पोहोचलेले लोक निवडले आणि त्यांच्यात 'ध्येय' सापडलं, तर ध्येयामुळे ते पोहोचले असं म्हणता येत नाही. न पोहोचलेल्यांमध्येही तेवढंच ध्येय असू शकतं. फक्त त्यांची पुस्तकं कुणी छापत नाही. निकाल बघून नमुना निवडला की तुलना करायला काही उरतच नाही.

दुसरी अडचण कालक्रमाची. साध्या तारखा मांडून बघा. ॲझ्युर या क्लाउड सेवेची घोषणा २००८ ची, ती बाजारात आली २०१० मध्ये. नडेला सर्व्हर विभागाचे प्रमुख झाले २०११ मध्ये. कर्मचाऱ्यांना एकमेकांच्या तुलनेत क्रम लावायची बदनाम पद्धत बंद झाली नोव्हेंबर २०१३ मध्ये. आणि नडेला सीईओ झाले फेब्रुवारी २०१४ मध्ये. म्हणजे बदलाची काही बीजं स्टीव्ह बाल्मर यांच्याच काळात पडली होती. नडेलांनी ती वाढवली, हे खरंच. पण मग 'कारण' नेमकं कुणाच्या नावावर लिहायचं?

तिसरी अडचण निकालाच्या झगमगाटाची. बाल्मर यांच्या कारकिर्दीत कंपनीचा वार्षिक महसूल सुमारे २३ अब्ज डॉलरवरून ७८ अब्जांच्या आसपास गेला. तरी त्यांची आठवण निघते ती हुकलेल्या मोबाइल बाजारासाठी. फिल रोझेनझ्वाइग यांनी 'द हेलो इफेक्ट' या २००७ च्या पुस्तकात हेच दाखवलं. कंपनी जोरात असली की प्रमुख 'ठाम' असतो, घसरली की तोच माणूस 'हट्टी' ठरतो. त्याच्याही आधी, १९८५ मध्ये, माइंडल आणि सहकाऱ्यांनी 'नेतृत्वाचा रोमान्स' ही कल्पना मांडली होती. कामगिरी फार चांगली किंवा फार वाईट असली की लोक तिचं श्रेय किंवा खापर गरजेपेक्षा जास्त नेत्यावर टाकतात. सिनॉप्सिस लिहिण्याआधी हे दोन्ही वाचायला हवं होतं. मी नंतर वाचलं. तुम्ही आधी वाचा.

आणखी एक गोष्ट मला खटकली. जुलै २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे १८,००० नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं, त्यातला मोठा वाटा नोकियाकडून आलेल्या विभागाचा होता. नोकिया विकत घ्यायला आपला विरोध होता, असं नडेला लिहितात. पण ज्यांची नोकरी गेली, त्यांना ही समानुभूती कशी जाणवली? याचं उत्तर आत्मकथन देऊ शकत नाही, कारण तिथे बोलणारा एकच आहे. तो लेखकाचा दोष नव्हे, त्या साहित्यप्रकाराची मर्यादा आहे. दोष आपला, आपण त्याला पुरावा समजलो तर.

मग पुस्तक फेकून द्यायचं का? अजिबात नाही. प्रश्न बदलायचा. 'ध्येयामुळे नेता यशस्वी होतो का?' हे या पुस्तकावरून कळणार नाही. पण 'यशस्वी नेता आपल्या कारकिर्दीची गोष्ट ध्येयाच्या भाषेत कशी सांगतो, काय पुढे आणतो, काय दोन ओळींत उरकतो?' याच्यासाठी हे पुस्तक उत्तम साहित्य आहे. पहिला प्रश्न कारणाचा, दुसरा कथनाचा. दोन्ही चांगले, पण पद्धत वेगळी. आणि पहिलाच प्रश्न हवा असेल, तर एकाच वर्षी, एकाच पदावर लागलेले लोक घ्या, वर गेलेले आणि न गेलेले दोन्ही, आणि त्यांनी ध्येयाबद्दल *त्या वेळी* काय म्हटलं होतं ते शोधा. वेळ लागेल, कंटाळा येईल, पण तुलना खरी होईल.

दुसऱ्या वर्षी मी प्रश्न बदलून गेलो. मुलाखत पाऊण तास चालली, आणि या वेळी मॅडमनी पानं चाळली नाहीत, वाचली.