ललितेतर गद्य आणि ‘आपण’चा प्रश्न

आरोग्य, इतिहास, तत्त्वज्ञान, समाज, आहार अशा भिन्न विषयांवरील ग्रंथांना एकत्र आणण्यासाठी मराठीत ‘ललितेतर’ ही संज्ञा रूढ आहे. ही संज्ञा ग्रंथ काय नाही ते सांगते. काय आहे ते सांगत नाही. हिंदीतील ‘कथेतर गद्य’ आणि इंग्रजीतील ‘नॉन-फिक्शन’ याच जातीच्या संज्ञा आहेत. बंगालीतील ‘प्रबंध’ ही संज्ञा मात्र भावरूप आहे आणि तिच्यामागे या गद्याकडे स्वतंत्र साहित्यप्रकार म्हणून पाहण्याची परंपराही आहे. मराठीत अशा ग्रंथांचा गौरव झाला नाही, असे म्हणता येणार नाही. साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पहिलाच पुरस्कार १९५५ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथास मिळाला. पुढे १९६६ ते १९६८ या सलग तीन वर्षी तो अनुक्रमे त्र्यं. शं. शेजवलकर, ना. गो. कालेलकर आणि इरावती कर्वे यांच्या ललितेतर ग्रंथांनाच देण्यात आला. उणीव गौरवाची नसून समीक्षेच्या परिभाषेची आहे.

या ग्रंथांचा विचार करताना मराठी समीक्षा सामान्यतः दोन मार्ग अवलंबते. एक तर ती ग्रंथ त्या त्या विषयाच्या तज्ज्ञाकडे सोपवते, किंवा मग त्यात लालित्याच्या खुणा शोधून त्याला साहित्याच्या अंगणात प्रवेश देते. पहिल्या मार्गाने ग्रंथातील माहिती तपासली जाते, दुसऱ्याने शैली. परंतु माहिती कोणाला सांगितली जात आहे आणि सांगणारा कोणाच्या वतीने बोलत आहे, हा प्रश्न दोन्ही मार्गांत निसटतो. ललितेतर गद्याच्या तौलनिक अभ्यासात गृहीत वाचकाचा हा प्रश्न विषयविभागणीपेक्षा अधिक मूलगामी आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

या प्रश्नाचे एक दार भाषेच्या व्याकरणातच उघडते. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत : ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’. गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’, तेलुगूत ‘मनम्’ आणि ‘मेमु’, तमिळमध्ये ‘नाम्’ आणि ‘नाङ्गळ्’ असा हाच भेद आढळतो. प्रमाण हिंदीतील ‘हम’ आणि बंगालीतील ‘आमरा’ यांच्यात तो नाही, इंग्रजीतही नाही. मराठीचे वैशिष्ट्य असे की ‘आपण’ हेच रूप आदरार्थी द्वितीयपुरुषासाठीही वापरले जाते आणि ‘स्वतः’ या अर्थानेही येते. ‘पावसाळ्यात आपण पाणी उकळून प्यावे’ हे एखाद्या आरोग्यविषयक पुस्तकात सहज शोभेल असे वाक्य घ्या. तो वाचकाला केलेला उपदेश आहे, की लेखक आणि वाचक या दोघांसाठी सांगितलेला नियम? ज्ञानपर गद्याला ही संदिग्धता फार उपयोगी पडते. आज्ञा सहभागाचे रूप घेते. पण ज्याच्या घरी इंधनच पुरेसे नाही तो या ‘आपण’मध्ये बसतो का, हे वाक्य विचारत नाही. आहाराविषयीचे, इतिहासाविषयीचे, धर्माविषयीचे मराठी गद्यही याच सर्वनामाच्या आधाराने ‘आपले अन्न’, ‘आपला इतिहास’, ‘आपली संस्कृती’ असे समुदाय उभे करीत आले आहे.

३

गृहीत वाचकानुसार ज्ञानाची भाषाच बदलते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राबाहेर, तंजावरच्या मराठी दरबारात सापडते. दुसऱ्या सरफोजी राजांच्या (कारकीर्द १७९८–१८३२) नावाशी निगडित ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा राजवाड्यातील पाककृतींचा ग्रंथ मराठीत आहे. त्याच दरबाराच्या आश्रयाने संकलित झालेले वैद्यकविषयक ग्रंथ मात्र तमिळ पद्यात आहेत. आहार आणि औषध यांना भारतीय परंपरेने सहसा एकत्रच पाहिले. येथे मात्र भाषेने त्यांना वेगळे केले. पाकशास्त्राचा वाचक राजवाड्यातला, तर वैद्यकाचा वाचक त्या प्रदेशातला वैद्य, असे यावरून अनुमान करता येते. बहुभाषिक समाजात ललितेतर ग्रंथाची भाषानिवड ही वाचकाची निवड असते, हे तौलनिक अभ्यासकाने प्रथम लक्षात घ्यावयास हवे.

एकभाषिक परिस्थितीत हीच निवड ग्रंथाच्या अंतर्गत रचनेत उतरते. महात्मा जोतीराव फुले यांचा १८८३ साली पूर्ण झालेला ‘शेतकऱ्याचा असूड’ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात धर्माची चिकित्सा आहे, इतिहासाची मांडणी आहे, सरकारी खात्यांच्या कारभाराचे विश्लेषण आहे आणि शेतकऱ्याच्या घराचे, खाण्यापिण्याचे, दैन्याचे बारकाईने केलेले वर्णनही आहे. ग्रंथपालाने तो कोणत्या कपाटात ठेवावा? फुल्यांच्या दृष्टीने या गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. शेतकऱ्याच्या ताटात काय पडते, हे धर्म, इतिहास आणि राज्यकारभार यांनी मिळून ठरवले होते. ग्रंथाच्या अखेरच्या भागातील सूचना शेतकऱ्यांना उद्देशून आहेत तशाच सरकारलाही. ज्याच्याविषयी लिहायचे आणि ज्याच्याकडे दाद मागायची, असे दोन वाचक एकाच ग्रंथात उभे आहेत. या ग्रंथाच्या भाषेतील चढउतार, तिच्यातील संताप आणि आकडेमोड यांचे एकत्र येणे, या दुहेरी संबोधनाशिवाय समजत नाही.

र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या नावातच आरोग्य आणि समाज हे दोन विषय एका समासात आले आहेत. येथे गृहीत वाचक प्रत्यक्ष वाचक म्हणून पानावर येतो, कारण वाचकांचे लैंगिक प्रश्न आणि त्यांना दिलेली सरळ उत्तरे हा या मासिकाचा महत्त्वाचा भाग होता. अशाच उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. खटला हरला, दंड झाला. वादाचा विषय वरवर पाहता शब्दांचा होता. वस्तुतः तो शरीराविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार सामान्य वाचकाला आहे की नाही, याचा होता. जे ज्ञान वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात निर्दोष ठरते, तेच पत्र पाठवणाऱ्या वाचकापर्यंत पोहोचताच अश्लील कसे होते, याचे उत्तर विषयाच्या वर्गीकरणात नाही. ते वाचकाविषयीच्या गृहीतात आहे.

४

पाकशास्त्राच्या ग्रंथांना मराठी समीक्षेने जवळजवळ स्पर्शच केलेला नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१० सालच्या ग्रंथाचे नाव ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ असे आहे. शीर्षकाच्या पूर्वार्धात वाचकाची नेमणूक आहे, उत्तरार्धात संपूर्णतेचा दावा. वाचणारी स्त्री आणि स्वयंपाक करणारी स्त्री एकच आहे, हे तत्कालीन साक्षरतेचे प्रमाण पाहता धाडसी गृहीत होते. पुढे कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही घरातली मापे प्रमाण म्हणून वापरली. सासू किंवा आई जवळ नसलेल्या, शहरात नव्याने संसार मांडणाऱ्या वाचकाला हे गद्य उपकारक ठरले. परंतु शास्त्र जसजसे सुलभ झाले, तसतसे कोणाचे अन्न ‘महाराष्ट्रीय अन्न’ म्हणून ग्रंथात येते, हा प्रश्न मागे पडत गेला.

शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ (२०१५) या ग्रंथाने तो पुढे आणला. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यपरंपरेची ही नोंद आहे. वाळवलेल्या मांसाच्या चान्या, तेलातुपावाचून शिजणारे पदार्थ, टंचाईत निभावून नेण्याच्या युक्त्या यांच्या कृती त्यात येतात. त्यांच्याबरोबर गावगाड्यातील देण्याघेण्याची, अपमानाची आणि आठवणींची हकीकतही येते. सात्त्विक, राजस, तामस या भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातील आहारविभागणीकडे पाटोळे ताटाच्या दुसऱ्या बाजूने पाहतात. येथे तत्त्वज्ञान, आरोग्य आणि जातिव्यवस्था ही तीन क्षेत्रे वेगळी राहत नाहीत, कारण आहाराचा गुण ठरवणे म्हणजे खाणाऱ्याचा गुण ठरवणे होय. पाककृती हा एरवी आज्ञार्थी प्रकार या ग्रंथात पुराव्याचे काम करतो. हे करून पाहा, एवढेच तो सांगत नाही. हे आम्ही खाल्ले, अशी साक्ष देतो. ‘आपण’पासून ‘आम्ही’कडे झालेला हा प्रवास म्हणजेच या ग्रंथाचे साहित्यिक कार्य होय.

तथापि या ‘आम्ही’लाही प्रश्न विचारला पाहिजे. स्त्रियांच्या हातांनी रोज घडलेला स्वयंपाक येथे एक पुरुष लेखक स्मृतीतून नोंदवतो. धुरंधरांच्या ग्रंथात स्त्री बोलते, पण तिचा वर्ग मर्यादित आहे. पाटोळ्यांच्या ग्रंथात वर्ग आणि जात बोलतात, पण चुलीपुढची स्त्री बहुतांशी इतरांच्या आठवणीतून येते. हे दोन ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवून वाचल्याशिवाय दोहोंच्या मर्यादा दिसत नाहीत. आणि एक ‘पाककला’ व दुसरा ‘दलित साहित्य’ अशा कपाटांत असेपर्यंत ते शेजारी येत नाहीत.

५

२०२४ साली भूषण कोरगावकर यांनी केलेला पाटोळ्यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. त्याचे मुख्य शीर्षक ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ असे आहे. मूळ शीर्षकाला जेवणापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकाची ओळख असलेला वाचक अपेक्षित आहे. पूर्णाचे अपूर्ण करणारा एक उपसर्ग त्याला पुरेसा आहे. इंग्रजी शीर्षक जात आणि प्रदेश यांची नावे थेट घेते, कारण त्याचा वाचक बाहेरचा आहे. मराठी शीर्षक वाद घालते, इंग्रजी शीर्षक ओळख करून देते. याला अनुवादाचा दोष म्हणणे अन्यायाचे होईल. संबोधन बदलले की ग्रंथाचा प्रकारही बदलतो, याचा तो पुरावा आहे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ या दोन्ही रूपांसाठी इंग्रजीत एकच शब्द असल्याने ही अडचण ग्रंथाच्या आतही पानोपानी उभी राहणार, हे उघड आहे.

मराठी ललितेतर गद्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो आरोग्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा प्रकरणांनी न लिहिता संबोधनाच्या रूपांतरांनी लिहावा लागेल : दरबारासाठी, सरकारपुढे, गृहिणीसाठी, पत्रलेखक वाचकासाठी, वगळलेल्यांच्या वतीने. गुजराती, तेलुगू, तमिळ या सामावेशक-वगळणारा भेद जपणाऱ्या भाषांतील आणि हिंदी, बंगाली या तो नसलेल्या भाषांतील गद्य समांतर वाचले, तर व्याकरणाने दिलेली सोय लेखक कशी वापरतात आणि ती नसेल तेव्हा कोणती अन्य साधने शोधतात, हे तपासता येईल. हे काम एका भाषेच्या विभागात होण्याजोगे नाही. अनेक भाषा एका छताखाली नांदतात तेथेच ते हाती घेतले जाऊ शकते.