ट्यूबावरचा हेंड्रिक्स

रॉक गिटारची धून बिग बँडला द्यायची म्हटली, की हात आधी ट्रम्पेटकडे जातो. चढा, झगझगीत आवाज, टाळी हमखास. पण ‘द गिल एव्हान्स ऑर्केस्ट्रा प्लेज द म्युझिक ऑफ जिमी हेंड्रिक्स’ या १९७४च्या ध्वनिमुद्रिकेत ‘वूडू चाइल’ची धून येते ती ट्यूबावर! पितळी वाद्यांतलं सगळ्यांत खर्जातलं, एरवी मागे बसून बुडाचे स्वर धरणारं हे वाद्य. ही मांडणी हॉवर्ड जॉन्सन यांची आणि वाजवणारेही तेच.

नीट कान द्या. हेंड्रिक्स गिटारची तार खेचून स्वर वर चढवायचा. जॉन्सन ते काम ओठांनी करतात. स्वर जरा खालून लावायचा, दाबायचा, खरखरवायचा आणि मग जागेवर आणून सोडायचा. मींड ऐकत वाढलेल्या कानाला ही जागा लगेच भेटते. गिटारवादक, जॉन अ‍ॅबरक्रॉम्बी आणि र्‍यो कावासाकी, ताफ्यात हजर असताना नायकपण ट्यूबाला द्यायचं, याला धाडस लागतं आणि वाद्याची खोल ओळखही.

ऑर्केस्ट्राचे प्रमुख गिल एव्हान्स यांची ती ओळख जुनी. १९४०च्या दशकात क्लॉड थॉर्नहिलच्या बँडसाठी लिहितानाच एव्हान्स ट्यूबाच्या प्रेमात पडले. माइल्स डेव्हिससोबतच्या ‘माइल्स अहेड’मध्ये (१९५७) हाच ट्यूबा मऊ, धूसर सावलीसारखा मागे पसरलेला आहे. बासष्टाव्या वर्षी त्यांनी त्याला फंकच्या ठेक्यावर उन्हात आणून उभं केलं.

‘अप फ्रॉम द स्काइज’ची मांडणी खुद्द एव्हान्सची. हेंड्रिक्सच्या १९६७च्या मूळ गाण्यात ड्रमवर काड्यांऐवजी ब्रश फिरतात. म्हणजे जॅझचा झुलता ठेका तिथे आधीपासूनच होता. एव्हान्सनी तो फक्त ओळखला आणि मोकळा केला. काय कान म्हणायचा!

‘क्रॉसटाउन ट्रॅफिक’मधलं गायन मला अनावश्यक वाटतं. पण ‘एंजल’मध्ये डेव्हिड सॅनबॉर्नचा आल्टो सॅक्सोफोन ऐका: धारदार, कडेला किंचित फाटलेला सूर, आणि तरीही लाडिक.

हेंड्रिक्स आणि एव्हान्स एकत्र काम करण्याच्या बेतात होते. १८ सप्टेंबर १९७० रोजी हेंड्रिक्स गेला आणि ते राहिलं. एव्हान्सनी मात्र १९८०च्या दशकातही न्यूयॉर्कच्या ‘स्वीट बेझिल’ क्लबात सोमवारच्या मैफलींत ही गाणी वाजवली. तुम्ही सुरुवात ‘वूडू चाइल’पासून करा. आधी मूळ गिटार, लगेच हा ट्यूबा. आणि आवाज जरा मोठा ठेवा.